उपासनाने मला झेललं नाही

मी एक जुना बास्केटबॉल आहे, मित्रांनो. मार खाणं हाच माझा धंदा, त्यामुळे मला सहसा कशाची भीती वाटत नाही. पण एका वर्षी मी इतका घाबरलो होतो, की अजूनही कुणी शिट्टी वाजवली तर दचकतो.

कारखान्यात माझं नारिंगी कातडं चिकटवून हवा भरली, तेव्हापासून उड्या मारायला माझं अंग शिवशिवत होतं. अ‍ॅरिझोनातल्या चँडलर गावी प्रफुल्लरावांनी मला त्यांच्या लेकीसाठी, उपासनासाठी, विकत घेतलं. तिथल्या उन्हात मी तव्यासारखा तापायचो, तरी ती पोरगी मला सोडायची नाही. आधी शाळेच्या संघात गेली, मग तिथल्याच कॉलेजच्या. लोक तिचं कौतुक करायचे आणि मला वाटायचं, यातलं निम्मं तरी माझंच आहे.

मग प्रफुल्लरावांची नोकरी बदलली आणि घर नॉर्थ कॅरोलायनात, कॅरीला आलं. उपासनानेही जवळचं कॉलेज धरलं. तिथल्या कोचबाईंनी तिला आल्याआल्याच नियम सांगितला. कॉलेज बदललेल्या खेळाडूने एक वर्ष नुसता सराव करायचा, सामना खेळायचा नाही. बाहेरच्या सामन्यातही उतरायचं नाही. उतरलीस, तर पुढचा हंगामही हातचा जाईल.

तेव्हापासून आमच्या घरात भीती राहायला आली. घरासमोर शेजारची मुलं खेळता खेळता गुण मोजायला लागली, की उपासना मला काखेत मारून आत पळायची.

"पप्पा, हा पण गेम धरला तर?"

"अगं, कोण बघतंय?" प्रफुल्लराव हसायचे. तिच्या हातांची थरथर त्यांना कुठली कळायला! ती मला लागायची.

एप्रिलमध्ये भीमजयंती आली. एका शाळेचा जिम भाड्याने घेतला होता. वंदना झाली, भाषणं झाली, जेवणं झाली. मग जयंती भरवणाऱ्या शंकररावकाकांनी जाहीर केलं, आता नागपूर विरुद्ध पुणे सामना! दोन रंगांचे टी-शर्ट, पंच, गुणफलक, ट्रॉफी, शिवाय तिवईवर व्हिडिओ कॅमेरा. प्रफुल्लराव मूळचे नागपूरचे, तेव्हा नागपूरची कॅप्टन म्हणून काकांनी फळ्यावर उपासनाचं नाव लिहून टाकलं होतं, तिला न विचारता. आपल्याकडे जिलबी वाढताना तरी कोण विचारतं? सामन्याचा चेंडू म्हणून त्यांनी आमच्या घरून मलाच आणवलं होतं.

"काका, आय कान्ट. रूल आहे."

"अगं बाळा, ही आपलीच माणसं! पाच मिनिटं खेळ. जयंतीला नाही म्हणू नये."

"जा गं, कोण बघतंय?" प्रफुल्लरावही म्हणाले.

ती भिंतीला पाठ लावून उभी राहिली. पंचाची शिट्टी झाली. "पकड गं कॅप्टन!" म्हणत काकांनी मला तिच्याकडे भिरकावलं. मी हवेत होतो, थांबणं काही माझ्या हाती नव्हतं. समोर कॅमेरा चालू. आजवर मी कुठूनही आलो तरी तिने मला झेललं होतं. आता झेललं तर? आयुष्यात पहिल्यांदाच मला वाटलं, हिने मला धरू नये.

उपासनाने दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरले. मी सरळ तिच्या तोंडावर आदळलो. ओठ फुटला, रक्त आलं, तरी हात मागेच.

प्रफुल्लराव धावत आले आणि त्यांनी तिचे हात हातात घेतले.

"पप्पा, आय वॉज सो स्केअर्ड," ती रडत म्हणाली. "पकडला असता तर सगळं गेलं असतं."

ती थरथर त्यांना तेव्हा लागली. फळ्यापाशी जाऊन त्यांनी तिचं नाव तळहाताने पुसलं, स्वतःचं लिहिलं आणि सूट-टायसकट मैदानात उतरले. इतकं वेडंवाकडं मला कुणी कधी आपटलं नव्हतं. नागपूर सपाटून हरलं. काका मात्र सामना सोडून तिच्या ओठाला बर्फ लावत बसले होते.

दुसऱ्या दिवशी उपासनाने कोचबाईंना सगळं सांगितलं. तू खेळली नाहीस, बाई म्हणाल्या, मग काळजी कसली? पुढच्या हंगामात ती मैदानात उतरली, तेव्हा प्रफुल्लराव टाळ्या वाजवून घरी आले आणि गॅरेजमध्ये मला हातात घेऊन बराच वेळ बसले.

आता मी तिथेच कोपऱ्यात असतो, हवा निम्मी उतरलेली. कधी आलात तर थोडा पंप मारा, मित्रांनो. आणि एखादी पोर "नाही" म्हणाली, तर आधी तिचे हात बघा. ते थरथरत असतील, तर मला तिच्याकडे फेकू नका.