तापीच्या वाळूत गार हंडा

सकाळचे अकरा वाजायच्या आतच अख्खं निंबटेक गाव तापीच्या वाळूत उतरलं होतं. पुरुषांनी डोक्याला ओली उपरणी गुंडाळलेली, बायांनी पदर नाकापर्यंत ओढलेले. चप्पल घालूनही तळव्यांना चटके बसत होते, पण जागचं कोणी हलत नव्हतं. वाळूत चार बांबूंचा मांडव होता. मांडवात वाघाच्या कातड्याचं छापील कापड अंथरून शीतलनाथ महाराज बसले होते आणि त्यांच्यापुढे होता पितळेचा हंडा.

हंड्यात पाणी गावच्याच टाकीचं. रुपचंदने स्वतः आणून ओतलं होतं आणि ओतताना हात भाजला म्हणून शिवी हासडली होती. महाराजांचा शिष्य हितेंद्र पिशवीतली पांढरी 'हिमविभूती' ओंजळीओंजळीने त्यात सोडत होता. दर ओंजळीला महाराज डोळे मिटून पुटपुटत. वीस ओंजळी झाल्या, कापराचा वास दरवळला आणि महाराजांनी बोट उचललं.

"घाला हात."

रुपचंदने हात घातला आणि झटक्यात बाहेर काढला. पाणी बरफासारखं झालंय, असं तो म्हणाला तेव्हा त्याच्या आवाजातली सगळी मस्ती उतरली होती. मग रांगच लागली. आठ दिवसांत पहिल्यांदा काहीतरी गार हाताला लागत होतं. म्हाताऱ्या रडल्या, जाणते पाया पडले.

महाराजांची जीभ मात्र हंड्यापेक्षा जोरात चालली होती. पृथ्वीमातेला भूज्वर झालाय. शास्त्रज्ञ ज्याला ग्लोबल वार्मिंग म्हणतात ना, तोच. त्यांना आता कळलं, आमच्या गुरूंनी गिरनारच्या गुहेत तीनशे वर्षांपूर्वी सांगून ठेवलंय. जो हंड्याचा ताप उतरवतो, तो धरतीचाही उतरवेल. गुरूंचं वय कोणी विचारलं नाही. विचारण्याच्या मनःस्थितीत गाव नव्हतंच.

सगळ्यांत पुढे बसली होती इंदिराबाई. शाळा दुसरीपर्यंत, पण बारा वर्षांपूर्वी नवरा गेल्यापासून चौदा एकर केळी एकटीच्या हिमतीवर. तिच्या तोंडाला गावात कोणी लागत नसे. व्यापाऱ्याने घडाला नाव ठेवलं तर ती त्याच्या सात पिढ्यांना नाव ठेवून मोकळी व्हायची. महाराजांना पाचोऱ्याहून बोलावून आणलं होतं तेही तिनेच.

का आणलं, हे ती कोणाला सांगत नव्हती. आठ दिवसांपूर्वी तिचा चुलत दीर चुडामण नाना तिच्याच बांधाला पडला होता. पारा शेहेचाळीसवर, गरम वाऱ्याने केळीची झाडं कमरेत मोडलेली, नाना ठिबकच्या नळ्या सरकवत होता. इंदिराबाई धावली तोवर श्वास थांबला होता. तिने कपाळाला हात लावला. मेलेलं माणूस गार असतं, हे तिने आयुष्यभर पाहिलं होतं. नाना तासाभराने उचलेपर्यंत भट्टीतल्या विटेसारखा गरम होता आणि कातडीवर घामाचा टिपूस नव्हता. त्या दिवसापासून तिच्या हातात ती ऊब बसली होती. भाकरी थापताना, केस विंचरताना जाणवायची. ज्या बाईने चोरांना कोयता घेऊन शेतातून पिटाळलं, ती बाई सूर्य उगवला की दचकायला लागली.

भ्यालेलं माणूस कुठेही हात जोडतं. आणि महाराजांना जोडलेले हात बरोबर ओळखू यायचे.

काल त्यांनी पाराजवळ सांगितलं होतं की भूज्वर असा हवेत सोडता येत नाही, तो कोणीतरी अंगावर घ्यावा लागतो. शंकराने विष घेतलं तसा. पोटुशी बाई हवी. भर दुपारी बारा ते तीन, तापीच्या वाळूत, अंगावर तीन गोधड्या, पोटात पाण्याचा थेंब नाही. पोटातलं बाळ ताप पिऊन टाकतं आणि तिसऱ्या दिवशी ढग येतात. गावात पोटुशी एकच होती, नुकताच सातवा महिना लागलेली. इंदिराबाईची सून, नूतन. महाराज म्हणाले, एवढ्या मोठ्या घराण्याची माऊली नाही म्हणणार नाही. सगळ्या गावाचे डोळे तिच्याकडे वळले आणि इंदिराबाई हो म्हणून गेली.

नूतन धुळ्याची, विज्ञान शिकलेली, जिल्हा परिषदेच्या शाळेत बाई. सासू तिला 'धुळ्याची मास्तरीण' म्हणायची आणि त्यात कौतुक कमी, टोमणा जास्त असायचा. संध्याकाळी नूतनने सरळ सांगितलं होतं, "आई, तीन तास गोधडीत बसले तर मी नानांसारखी मरेन."

"शाळा शिकली म्हणून देवाले शिकवू नको," सासू म्हणाली होती. नवरा हेमराज खाली मान घालून नखाने भुई उकरत राहिला.

तरी नूतन आली नसती. पण सकाळी नानाची बायको बेबाबाई दारात आली आणि तिने पोरीच्या वयाच्या सुनेच्या पायावर डोकं ठेवलं. एक गेला, आता माझा पोरगा केळीत काम करतो, असं म्हणाली. मागे पंचवीस माणसं उभी होती. नकार दिला तर पुढचं मढं तुझ्या माथी, असं कोणीतरी मागून बोललं. एकटी बाई पंचवीस माणसांपुढे किती विज्ञान सांगणार?

आता ती वाळूत बसली होती. पहिली गोधडी पडली, दुसरी पडली, तिसरी पडली. फक्त तोंड उघडं. दहाच मिनिटं झाली होती, पण चेहरा आधी लाल आणि मग चुन्यासारखा पांढरा पडला. ती शाळेतली शुद्ध भाषा विसरली.

"माय," ती पुटपुटली, "मन्हा पोटमा जीव शे."

त्या धुळ्याच्या बोलीची इंदिराबाईने दोन वर्षं नक्कल केली होती. आज ती सुनेकडे सरकली. पण तेवढ्यात महाराजांनी हाक मारली. सासूने कोपरापर्यंत हात हंड्यात बुडवायचा आणि सात वेळा सुनेच्या माथ्यावर ठेवायचा.

इंदिराबाईने हात बुडवला.

गार होतं, यात खोट नव्हती. पण बोटांना ते पाणी अनोळखी वाटेना. किंचित बुळबुळीत, नखांच्या कडांना झोंबणारं. हा गारवा तिच्या हाताने कुठेतरी रोज पाहिला होता. तिने ओंजळ नाकाशी नेली. वर कापूर होता. कापराच्या आड कडुनिंब होता.

केळीला ठिबकमधून खत द्यायचं तर शेडमधल्या निळ्या पिंपात आधी युरिया विरघळवावा लागतो. हे काम ती बारा वर्षं गड्यावर सोडत नव्हती, कारण गडी माप चुकतो. युरिया टाकला, काठीने ढवळला की पिंप हाताला गार लागतं. उन्हाळ्यात ती त्याला पाठ टेकून दोन घटका उभीही राहायची. आणि हल्लीच्या युरियाला कडुनिंबाचं तेल लावलेलं असतं, त्याचा वास गोणी फोडली की शेडभर होतो. अख्ख्या गावात हे काम न केलेला एक माणूस नव्हता. शंभर हातांनी आज तोच गारवा चाचपला आणि शंभर हात जोडले गेले. वाळूतला हंडा आणि शेडमधलं पिंप एकच असेल, हे आतापर्यंत कोणाच्या डोक्यात आलं नव्हतं, तिच्याही नाही.

ती उठली. सात वेळा माथ्यावर ठेवायच्या हाताने तिने वरची गोधडी खेचली, मग दुसरी, मग तिसरी.

"हेमराज, उचल तिले. सावलीत ने."

सावली एकच होती, मांडवाची. महाराज म्हणाले, माते, श्रद्धा डळमळली तर अनर्थ होईल.

"मले श्रद्धा हाये," इंदिराबाई म्हणाली, "पण नाकही हाये. उठ तिथून."

आयुष्यात पहिल्यांदा महाराजांना कोणी एकेरीत उठवलं असावं. ते उठले. वाघाच्या छापील कातड्यावर नूतनला कुशीवर निजवलं. गावची आशा आरोग्यसेविका सारिका गर्दी हटवत पुढे आली, तिने ॲम्ब्युलन्सला फोन लावला, कोणाच्या तरी जारमधलं पाणी ओढणीवर ओतून मान, बगला, पाय पुसायला लागली आणि घोट घोट पाणी पाजत तिने विचारलं, "बाळ फिरतंय का गं?"

नूतनने डोळे मिटून मान हलवली. नाही.



इंदिराबाईने पाठवलेला रुपचंद तोवर मोटरसायकलवर जाऊन तिच्या शेडमधून युरियाची फोडलेली गोणी घेऊन आला. तिने बादलीत टाकीचं तेच गरम पाणी घेतलं, ओंजळीओंजळीने युरिया टाकला, काठीने ढवळला. मंत्र म्हटला नाही. पाच मिनिटांत बादली गार झाली. एकेकाने हात घातला, हुंगला आणि मान खाली घातली. हितेंद्रने पिशवी पाठीमागे सरकवली होती, ती रुपचंदने ओढून वाळूवर पालथी केली. कापराच्या वड्यांच्या चुऱ्यात दळलेला युरिया पडला. कोणी हसलं नाही. सगळे मांडवाकडे बघत होते.

बेबाबाईला मात्र राहवेना. ती रडत नव्हती, नुसती विचारत होती.

"मंग माझा माणूस कशानं गेला? ऊन तर खरंच वाढलं ना व?"

 उत्तर मांडवातून आलं, तुटक आवाजात. सारिका बोलू नको म्हणत होती, पण नूतन मास्तरीण होती.

ताप चढलाय, हे तो खरं बोलला, ती म्हणाली. कारण खोटं सांगितलं आणि उताराही खोटा. युरिया विरघळताना पाण्यातली उष्णता ओढून घेतो. विरघळून झाला की खेळ संपला, तास-दोन तासांत हंडा पुन्हा तापतो. म्हणून तर तो लोकांना एकदाच हात घालू देतो. पृथ्वीचं तसं नाही. सूर्याचं ऊन येतं, जमीन तापते आणि ती उष्णता पुन्हा वर आकाशात सोडते, दिवसाही, रात्रीही. हवेतले काही वायू त्यातली थोडी उष्णता अडवून धरतात. ते नसते तर आपण गोठलो असतो.

"मग वाईट काय झालं?" रुपचंदने विचारलं.

"त्या वायूंच्या थराची जाडी वाढली," नूतन म्हणाली. "आज एक गोधडी, उद्या दुसरी, तशी."

कोळसा जाळला, डिझेल जाळलं, दीडशे-दोनशे वर्षं सगळ्या जगाने जाळलं, आणि श्रीमंत देशांनी जास्त. त्याचा कार्बन डायऑक्साइड वर साठला, पूर्वीच्या दीडपट झाला. शेतात जास्तीचा युरिया टाकला तर त्यातूनही उष्णता धरणारा एक वायू सुटतो. वैशाखात ऊन आधीही होतं, पण आता ऊन जिथून सुरू होतं ती पायरीच वर गेलीय. तापलेली हवा जमिनीतलं पाणी जास्त पिते आणि पडायला लागली की एकदम ओतते. धरतीला ताप द्यायला कोणाचं पाप लागत नाही आणि तो कोणा बाईच्या पोटात उतरत नाही.

इंदिराबाई ऐकत होती. तिला वायू कळले नाहीत, पण एक गोष्ट कळली. नवी नवरी होऊन आली तेव्हा ती उन्हाळ्यात धाब्यावर, घराच्या मातीच्या गच्चीवर, निजायची. भर वैशाखातही पहाटे पांघरूण शोधावं लागायचं. आता पहाटे धाब्याची माती हाताला कोमट लागते. रात्रीला उष्णता सोडायला जागाच मिळत नाही. हे तिला कोणी शिकवलेलं नव्हतं. तिच्या पाठीनेच ते पाहिलं होतं, आणि तिने कधी त्याचा अर्थ लावला नव्हता.

तिला आता महाराजांची भीती राहिली नव्हती. पण दुसरी भीती आली होती, आणि ती जास्त मोठी होती. भोंदूला वाळूतून उठवता येतं. या तापाला कुठून उठवायचं?

ॲम्ब्युलन्स आली. इंदिराबाई सुनेचं डोकं मांडीवर घेऊन आत बसली.  जिच्या जिभेला गाव घाबरायचं ती बाई पाऊण तास ओला हात सुनेच्या पोटावर ठेवून होती. सरकारी दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी यंत्र पोटाला लावलं. खरखर झाली, आणि मग टपटप, टपटप असा घाईघाईचा आवाज आला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, अजून अर्धा तास बसवलं असतं तर दोन्ही जीव हाती लागले नसते.

इंदिराबाईने ते ऐकलं, पदर सावरला आणि सुनेला म्हणाली, "मी केलं हे. महाराजानं नाही."

नूतनने नाही म्हटलं नाही. तिने सासूचा हात बाजूलाही केला नाही.

महाराजांवर आणि शिष्यावर जादूटोणाविरोधी कायद्याखाली गुन्हा दाखल झाला. फिर्यादीवर इंदिराबाईने स्वतः, एकेक अक्षर जोडत, सही केली. चार दिवसांनी ती ग्रामपंचायतीत उभी राहिली. माफी मागायची सवय नव्हती, म्हणून भांडल्यासारखीच बोलली. मी भ्याले, म्हणून मी माझी सून वाळूत बसवली, आणि तुम्ही भ्याले म्हणून तुम्ही बसवू दिली. उद्यापासून अकरा ते चार माझ्या शेतात कोणी दिसायचं नाही. व्यापाऱ्याचा ट्रक थांबत नसेल तर जाऊ द्या रिकामा. बांधावर पाणी आणि सावली ठेवणार, युरिया माती तपासल्याशिवाय टाकणार नाही. एवढ्यानं जगाचा ताप उतरणार नाही, हे मास्तरीणनं मले सांगितलंय. पण तेवढ्यानं बेबाबाईचा पोरगा जगंल.



"ऊन खरं हाये आणि भीतीही खरी हाये," ती म्हणाली. "भ्यायचं तर भ्या. पण कोणी उतारा घेऊन आलं तर आधी त्याच्या हंड्यात काय हाये ते पाहा, मग घरातल्या शिकलेल्या पोरीले विचारा, आणि ती सांगंल ते पुऱ्या गावासमोर सांगू द्या."

बाहेर त्या दिवशीही पारा शेहेचाळीसवरच होता.