पायांवरचं पाणी

होळीच्या दिवशी सावरीचं झाड डोंगरावरून गावात आणायचं आणि त्याचा बुंधा ठाकरवाडीतल्या धाऊच्या घराण्याच्या खांद्यावर असायचा. नेरळजवळच्या कळंबच्या बाजूच्या त्या गावात हे कुणाला विचारावं लागत नसे. आदल्या दिवशी झाडाला नारळ द्यायचा, तोडल्यावर ते जमिनीला टेकू द्यायचं नाही, आणि ठाकरवाडीच्या बाप्यांनी अनवाणी, उपाशीपोटी ते वेशीपर्यंत वाहून न्यायचं. वेशीवर पाटील उभा असायचा. त्याने वाकून, स्वतःच्या हाताने, तांब्यातलं पाणी वाहणाऱ्यांच्या पायांवर घालायचं. मग होळी उभी राहायची आणि तिला पहिला अग्नी पाटीलच द्यायचा.

वर्षभर वाडी पाटलापुढे वाकायची. त्याच्या खळ्यावर राबायची, त्याच्या ओटीवर पाय न ठेवता अंगणात उभी राहायची. त्या एका घटकेला मात्र पाटील वाडीपुढे वाकायचा. धाऊच्या लेखी तेवढ्यात सगळं फिटत होतं. वेडेपणाच म्हणा, पण भाजलेल्या पायांवर पडणाऱ्या त्या थंड पाण्यासाठी धाऊ शिमग्याची वाट बघायचा.

जुने पाटील वारले आणि जगदीश पाटील गादीवर आला. गादी म्हणजे देवळातली पहिली खुर्ची, पण ऐट संस्थानिकाची. पहिल्या वर्षी त्याने पाणी घातलं. पुढच्या वर्षी कंबर धरली म्हणून बायकोला पुढे केलं, मग गड्याला. आणि गेल्या शिमग्यात गड्याने गाडी धुवायचा पाइप ओढत आणला आणि लांबूनच फवारा मारला. पाटलाच्या भावकीतली पोरं फिदीफिदी हसली. धाऊही ओशाळून हसला आणि घरी येऊन न जेवता झोपला.

पाटलाचं आता बडा घर पोकळ वासा असं झालं होतं. रस्त्याकडची जमीन रिसॉर्टवाल्याने घेतली, तो पैसा शर्यतीच्या बैलांनी आणि थोरल्या मुलीच्या लग्नातल्या मांडवाने खाल्ला. मग हात देवळाच्या पेटीकडे वळला. वडिलांच्या नावाची सिमेंटची कमान झाली, जत्रेत मुंबईचा ऑर्केस्ट्रा नाचून गेला, आणि पेटीत उरली फक्त पाल. यंदा शिमगा तोंडावर आला तेव्हा गावच्या ग्रुपवर पाटलाचा आवाज आला. घरटी हजार रुपये वर्गणी. मानकऱ्यांच्या भावकीला माफ, कारण मान असलेल्याने वर्गणी द्यायची नसते, असा रिवाज. ज्यांच्या दारात दोन दोन गाड्या त्यांना माफ आणि ज्यांच्या दारात कोंबड्या त्यांना हजार. रिवाजही कसे माणूस बघून बोलतात!

धाऊची सून सुरेखा रिसॉर्टवर खोल्यांचं काम बघायची. तिने तो आवाज सासऱ्याला परत ऐकवला.

"बाबा, बुंध्याचा मान आपला हाय ना? मंग आपल्याला का नाय माफ?"

धाऊने फोन बाजूला सारला. तो म्हणाला, "पैशाचं काय घेऊन बसलीस गं? पैसं देऊ. पर पाणी पाटलानी सोताच्या हातानी घालाय पायजे. तेवढं मी बोलतो गावकीत."

"पाइपनी धुतात तुमाला, गाडीवानी! आता आमी कोनच त्याच्या शेतावर जात नाय, त्याचं मीठ खात नाय. मंग भ्यायचं कशाला?"

"भीत नाय गं," धाऊ म्हणाला. पण भीत होता. पाटलाची नव्हे. होळी थांबली तर बापाने दिलेला बुंधाही खांद्यावरून जाणार, याची त्याला भीती होती. दुसरं काय होतं त्याच्याकडे मिरवायला?

गावकी देवळात बसली. मानकरी खुर्च्यांवर, बिनमानाचे कुणबी सतरंजीवर आणि वाडीची माणसं पायरीखाली उभी. पाटलाने पेटीचं रडगाणं गायलं. पेटी रिकामी कशी झाली, हे सतरंजीवरच्या किशोरने विचारलं. किशोर नेरळला रिक्षा चालवायचा, तोंडाचा फटकळ. पाटील म्हणाला, "देवाच्या कामात हिशेब विचारत नाहीत." खुर्च्यांनी माना डोलावल्या.

मग धाऊ बोलला. आयुष्यात पहिल्यांदा गावकीत बोलत होता.

"पाटील, वर्गणी आमी देऊ. आमचं एकच मागनं हाय. वेशीवर पाणी तुमी सोता घाला. तुमचं आजं, तुमचं बाबा घालायचं, तसं."

सगळ्यांनी पाटलाकडे पाहिलं. पाटलाने एक हो म्हटलं असतं तर सगळं तिथेच मिटलं असतं. घरातल्या तांब्याला आणि कमरेला असं कितीसं लागणार होतं? पण बाजूला भावकी बसलेली, तिच्यादेखत नमतं घेणं त्याला कमीपणाचं वाटलं.

"पाणीच पाहिजे ना धाऊ?" पाटील हसत म्हणाला. "मग टँकर मागवतो की! अख्खी वाडी अंघोळ करा."

खुर्च्या खदखदून हसल्या. सतरंजी हसली नाही.

धाऊच्या डोळ्यांत पाणी आलं, रागाचं. त्याने पायरीखाली काढून ठेवलेल्या चपला तिथेच, देवळाच्या दारात, पाटलाच्या डोळ्यांसमोर पायात घातल्या. तसं वाडीतल्या कुणी कधी केलं नव्हतं.

"मंग यंदा होळी गावात येनार नाय," तो म्हणाला. "आमची होळी आमी वाडीवर उभी करू."

"नका आणू! पैसे टाकले की छप्पन्न माणसं मिळतात."

"टाका की," किशोर सतरंजीवरून उठला. "पेटीत हायेत का पन? माझी वर्गणी धरू नका. मी चाललो धाऊदादाबरोबर." आणि त्याच्यामागे अर्धी सतरंजी रिकामी झाली.

होळीच्या दिवशी पाटलाने लाकडाच्या वखारीतून निलगिरीचा एक सोट आणवला. टेंपोतून उतरवताना तो हमालांच्या हातून निसटला आणि वेशीवरच्या धुळीत धप्पकन पडला. जमिनीला टेकलेली होळी! बायका नैवेद्याची ताटं घेऊन आल्या होत्या. त्यांनी ते पाहिलं, एकमेकींकडे पाहिलं, ताटांवर पदर घेतले आणि एकेक करत वाडीचा चढ धरला. त्यांना कुणी भाषण दिलं नव्हतं. भावकीतल्याही दोघीतिघी त्यात होत्या.

वाडीवर सावर आली तेव्हा ऊन उतरलं होतं. बुंधा धाऊच्या खांद्यावर होता. अनवाणी पाय भाजले होते, पण वेस नव्हती, पाटील नव्हता, पाणी नव्हतं. धाऊला खरंच वाईट वाटलं. ज्याच्यासाठी भांडलो तेच गेलं, असं त्याच्या मनात आलं.

होळी उभी राहिली. ढोल थांबला आणि सगळे धाऊकडे बघायला लागले. किशोरने पेटता पलिता त्याच्या हातात दिला. "धाऊदादा, पयला अग्नी तुमचा. आजपासून आमचे पाटील तुमीच." लोकांनी आरोळी ठोकली.

धाऊच्या छातीत काहीतरी फुललं. खोटं कशाला बोला, गोड वाटलं त्याला. तो दोन पावलं पुढे गेलाही.

त्याची बायको कोंडी बायकांतून ओरडली, "आरं, तू पाटील झालास तर बुंधा कोन उचलंल? आन पाइप कोन धरंल?"

लोक हसले. धाऊ हसला नाही, थांबला. पलित्याची धग हाताला लागेपर्यंत तो तसाच उभा होता. मग म्हणाला, "ज्याच्या त्याच्या चुलीतला इस्तू आना रं. घरटी एक. सगळ्यांनी मिळून लावायची." आणि त्याने पलिता मातीत खुपसून विझवला.

माणसं धावली. कुणी तव्यावर, कुणी खापरात निखारे घेऊन आलं. गावातून आलेल्यांना वाडीच्या बायकांनी आपल्या चुलीतले दिले. चहूबाजूंनी होळी पेटली आणि तिचा नेमका पहिला अग्नी कुणाचा, ते कुणालाच सांगता आलं नसतं.

बोंबा मारून झाल्या, तेव्हा चढाच्या वाटेवर जगदीश पाटील दिसला. एकटाच होता. खाली त्याच्या निलगिरीभोवती भावकी तरी राहिली होती की नाही, देव जाणे. त्याच्या हातात पितळेचा तांब्या होता, बापाच्या वेळचा. सदरा घामाने भिजला होता, धाप लागली होती. लोकांनी वाट दिली, पण कुणी वाकलं नाही. तो धाऊसमोर आला आणि कमरेत वाकायला लागला.

"धाऊ, पाय पुढं कर. चुकलं माझं."

हेच. एवढंच तर हवं होतं. धाऊने खाली बघितलं, आपल्या भेगाळलेल्या, राखेने माखलेल्या पायांकडे. मग त्याने पाटलाचा दंड धरून त्याला सरळ केलं. जन्मात पहिल्यांदा त्याने पाटलाला हात लावला होता.

"नको पाटील," तो म्हणाला. "चढ चढून आलाव, दम लागलाय. ते पाणी तुमीच प्या."

पाटील उभा राहिला. त्याने बसायला जागा शोधली. खुर्ची कुठेच नव्हती. सुरेखाने घोंगडीवर थोडं सरकून जागा केली. तो वाडीच्या माणसांमध्ये मांडी घालून बसला आणि दोन्ही हातांनी तांब्या तोंडाला लावून घटाघटा पाणी प्यायला.