सज्ज्यावरचा दिवा

धर्माजी आणि मंडळी या पेढीची एक रीत होती, आणि अंगाला हळद लागली तेव्हापासून सत्यवतीनं त्या रीतीचं भय घेतलं होतं.

इमारत पुरी झाली की सगळ्यात उंच सज्ज्याखालचे टेकू काढायचे, आणि ते काढताना वर सज्ज्यावर पेढीच्या घरची सून हातात दिवा घेऊन उभी राहायची. खालून लोकांनी पाहायचं. बांधणाऱ्यानं आपलं माणूस वर ठेवलंय, मग आपल्याला कसली भीती! आजेसासऱ्यांनी, धर्माजींनी, पालीकडं दीपमाळ बांधली तेव्हापासूनचं हे. सासऱ्यांनी मुंबईत गिरगावात पाच मजले चढवले तेव्हा सासूबाई, जनीबाई, वर उभ्या राहिल्या, तेही सत्यवतीचा नवरा हरेश्वर पोटात असताना. अजून जात्यावर बसल्या की त्यांच्या ओठी यायचं:

उंच गं सज्ज्यावरी, वारा झोंबतो पदराला
काढ रे राया टेकू, घरचा दिवा आधाराला

ओवी गोड होती. पण माडाच्या शेंड्याकडं नुसतं पाहिलं तरी सत्यवती डोळे मिटून घेई.

आणि आता पाळी तिची. चौतीस सालचा चैत्र. सुपारीच्या एका व्यापाऱ्यानं आईच्या नावानं बंदरावर घड्याळाचा मनोरा मागितला होता. श्रीवर्धनकडून येणारं गलबत लांबूनच तो पाहील, एवढा उंच. दगड-चुन्याच्या पेढीनं पहिल्यांदाच सिमेंट-सळईत हात घातला होता. नकाशा हरेश्वरचा. वर जायला म्हणून हिरवं लुगडंही त्यानंच आणून दिलं होतं.

टेकू काढायच्या आदल्या संध्याकाळी जेवताना तो म्हणाला, "उद्या तू वर जायचं नाहीस."

"म्हणजे?"

"जुन्या काळचं खूळ आहे ते. आता सगळं गणितानं ठरतं."

तिच्या छातीवरची शिळाच उतरली. देवाला हात जोडावेत म्हणून ती वळली, आणि तिची नजर त्याच्या पानावर गेली. भात तसाच. एक घास मोडून ठेवलेला, आमटीवर साय धरलेली.

"सासूबाईंना चालेल?"

"मी सांगेन आईला."

"आणि टेकू काढायला वर आपला गडी मोरूच ना?"

"कुणीतरी काढायलाच हवेत," तो म्हणाला आणि हात धुवायला उठला.

त्या क्षणी तिचं पहिलं भय गेलं आणि दुसरं आलं. पहिलं उंचीचं होतं, हे मनोऱ्याचं. तीन पिढ्यांची रीत, ती याच मनोऱ्यापाशी का मोडायची?

सकाळी ती हिरवं लुगडं नेसली, दिवा घेतला आणि न सांगता निघाली.

मनोऱ्याच्या सावलीत मासळीचा बाजार भरला होता. सावली एवढी लांब पडायची की उन्हं वर आली तरी बोंबील-मांदेली ताजी राहायची. कोळणी त्यावर खूश होत्या. मोरूची बायको केसर पाटीवर पाणी शिंपडत होती.

"वैनीबाय, आज वर जानार ना? आमचा दादला गेलाय कवाच. डोलकाठीवर चढनारा गडी, त्याला काय! तुमी मातर खाली बगू नका, न्हायतर दिवा माज्या पाटीत पडंल!"

बायका हसल्या. सत्यवतीनंही ओठ हलवले. ती मनोऱ्याच्या दाराशी गेली आणि आधारासाठी भिंतीला हात टेकला. तळव्याला पांढरं पीठ लागलं. आत जिन्यालगतही तेच, धुक्यासारखं वर चढत गेलेलं.

सत्यवती उरणकडची, मिठागरवाल्यांच्या घरची. तिनं बोट जिभेला लावलं. खारट, माहेरची चव आली.

मग तिला माघातलं आठवलं. नदीची रेती घेऊन येणारा पडाव खाडीच्या गाळात रुतला होता, व्यापाऱ्याची घाई होती, आणि किनाऱ्यावरून समुद्राच्या रेतीच्या गाड्या भरभरून येत होत्या. "रेती ती रेती," हरेश्वर तेव्हा म्हणाला होता. "धुऊन घेऊ." ती धुताना मात्र तिनं कुणाला पाहिलं नव्हतं. आणि मीठ लोखंडाला कसं खातं, हे मिठागरवाल्यांच्या लेकीला ठाऊक होतं.

वरून मोरूचं गाणं ऐकू आलं, मग टेकूवर हातोड्याचा घाव. ठक्. पुन्हा ठक्.

ती परत जाऊ शकत होती. तिला कुणी बोलावलंच नव्हतं. पदरानं दिवा झाकून ती क्षणभर उंबऱ्यावर थांबली, आणि बाहेरून केसरचं हसणं आलं.

सत्यवती जिना चढू लागली.

खाली पाहायचं नाही. भिंतीला खांदा लावून एकेक पायरी. पदराच्या आड तिनं ज्योत धरून ठेवली. घाव जवळ येत गेले. प्रत्येक घावासरशी पांढरं पीठ तिच्या केसांवर झरत होतं.

"सत्यवती!"

चारचौघांत त्यानं कधी तिचं नाव घेतलं नव्हतं. हरेश्वर धापा टाकत मागून वर येत होता.

"खाली ये! मी सांगितलं होतं ना!"

"का येऊ?" तिचा आवाज फाटला. "मी पेढीची सून. माझी जागा वर."

"अगं, नको..."

"मोरू चालतो, मी का नको? सांगा ना!"

त्यानं भिंतीकडं पाहिलं, मग तिच्या पांढऱ्या झालेल्या केसांकडं. आईचा, आजोबांचा, पेढीचा सगळा मान आता त्याच्या एका शब्दावर होता. वर पुन्हा ठक् झालं आणि कुठंतरी बारीक तडकल्यासारखा आवाज आला.

"मोरू!" हरेश्वर ओरडला. "हात काढ! टेकूला हात लावू नकोस! जसा आहेस तसा खाली ये!"

"काय झाला, मालक?"

"मनोरा भरवशाचा नाही." मग खिडकीतून बाहेर वाकून, सगळ्या बंदराला ऐकू जाईल असं तो पुन्हा म्हणाला, "माझा मनोरा भरवशाचा नाही! बाजार हलवा!"

खाली सगळ्यांच्या माना वर झाल्या. जनीबाई गर्दीत उभ्या होत्या. मोरू उतरून आला, केसरनं त्याचा दंड धरला आणि तो धरूनच ठेवला. सत्यवतीही उतरली आणि तळच्या पायरीवर बसली. जनीबाईंनी पुढं होऊन तिच्या हातातला दिवा घेतला, लेकाकडं न पाहता.

कोळणींनी पाट्या उचलल्या आणि उन्हात नेऊन मांडल्या; आता मनोऱ्याच्या सावलीत कुणालाच बसायचं नव्हतं. पण सूर्य थांबत नव्हता. मनोऱ्याची सावली वाळूवर सरकत होती, आणि तिच्या पुढं पुढं सगळा बाजार सरकत होता.