म्हणे, दुप्पट ताकद

माझा धाकटा भाऊ राजदीप जेवायला बसला की मोबाइल पाण्याच्या तांब्याला टेकवून ठेवतो आणि अख्ख्या घराला नव्या गेम कन्सोलच्या अफवा ऐकवतो. म्हणे चित्र काढणारी चिप दुप्पट ताकदीची. म्हणे मेमरी वाढली. म्हणे खेळातल्या ट्रकच्या काचेवरचा धुळीचा कणन्‌कण वेगळा दिसणार. मशीन आहे त्याच पिढीचं, पण मधेच ताकद वाढवून काढायचं आणि त्याला 'प्रो' म्हणायचं, असा तो प्रकार. कंपनीने अजून तोंडातून अवाक्षर काढलेलं नाही. पण आमच्या राजूरच्या घरात त्याचा पंखा किती आवाज करेल यावरसुद्धा चर्चा होऊन गेली. बाजारात तुरी नि भट भटणीला मारी, दुसरं काय!

एवढ्यावर थांबलं असतं तर मी हसून सोडून दिलं असतं. पण या पठ्ठ्याने बाबांचं मशीन विकलं.

आणलं होतं राजदीपनेच, स्वतःच्या पगारातून. कबूल. पण बाबांना लकवा मारला, डावा हात लुळा पडला, त्यानंतर ते कोणाचं झालं होतं हे सगळ्या घराला माहीत होतं. माझे बाबा, डोमाजी, कोळसा खाणीत डंपर चालवून निवृत्त झाले. डॉक्टरांनी मूठ उघडमीट करायला रबरी चेंडू दिला, तो त्यांनी दुसऱ्याच दिवशी कोनाड्यात टाकला. "मी काय लेकरू हाव, चेंडू दाबत बसाले?" मग एका दुपारी राजदीप ट्रकचा गेम खेळत होता, तेव्हा बाबांनी त्याच्याकडून कंट्रोलर मागून घेतला. उजव्या बोटाखाली गाडीचा वेग, डाव्या बोटाखाली ब्रेक. डावं बोट काही हलेना. पहिल्याच वळणावर ट्रक दरीत.

त्या दिवशी बाबा जेवले नाहीत. आयुष्यभर त्यांच्या डंपरला साधा ओरखडा नव्हता! दुसऱ्या दिवशी आंघोळ करून, धुतलेला शर्ट घालून ते टीव्हीसमोर बसले. मग रोजच बसायला लागले. आई विचारायची, "कुठी चाल्ले?" तर म्हणायचे, "ड्यूटीवर." त्या एका बोटाशी त्यांनी महिनोन्‌महिने झटापट केली. आधी ते नुसतं थरथरायचं, मग वाकायला लागलं, मग एकदाचा ब्रेक लागला. ज्या दिवशी त्यांनी माल भरलेला ट्रक घाटाखाली उतरवून अलगद उभा केला, त्या दिवशी आईने शिरा केला. पुढे त्याच हाताने ते शर्टाची बटणं लावायला लागले.

आणि आमच्या राजदीपने काय करावं? मी वणीला लॅबमध्ये कामावर, आई बाजारात, बाबा झोपलेले. ही वेळ साधून मशीन उचललं आणि वणीच्या तारिकच्या मोबाइल दुकानात देऊन आला. कारण काय, तर नवं आलं की जुन्याला कुत्रं विचारत नाही. आमच्याकडे मोटारसायकलीचं असंच चालतं. नव्या मॉडेलची कुणकुण लागली की जुनी गाडी आधी काढून टाकायची. तोच शहाणपणा त्याने इथे लावला. उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग!

"ताई, बाबांसाठीच तर केलं," तो मला म्हणाला. "पुढच्या महिन्यात येऊन राह्यला प्रो. पक्का लीक हाय."

"आनि तवरिक बाबानं काय दाबाव? तुहा लीक?" मी ओरडले.

पुढचा महिना आला आणि गेला. मग दिवाळी ठरली. दिवाळीचं नवं वर्ष झालं. तारीख पुढे गेली की हा जास्तच खूश, कारण उशीर म्हणजे म्हणे ताकद आणखी वाढवून राह्यले. बाबांनी एका शब्दाने तक्रार केली नाही, आणि मला सगळ्यात जास्त राग त्याचाच यायचा. काही दिवस ते आंघोळ करून बंद टीव्हीसमोर बसले, नंतर तेही सोडलं. बटणं पुन्हा आई लावून द्यायला लागली.

शेवटी मशीन परत मागायला मी बाबांना तारिकच्या दुकानात घेऊन गेले. राजदीपलाही ओढत नेलं. म्हटलं, ये, काय करून ठेवलंस ते डोळ्यांनी बघ. तारिकने मशीन विकलं नव्हतं, दुकानातल्या टीव्हीलाच जोडून ठेवलं होतं. मी बाबांच्या हाताचं सांगितलं, तसं त्या बिचाऱ्याने आपलं स्टूल पुढे सरकवलं.

"काका, मले कोनी सांगतलंच नाई ना. वापस घेऊन जा तुमची मशीन. पह्यले बसा, चालवून तं पाहा."

बाबा स्टुलावर बसले. ट्रक नीट निघाला, उजव्या बोटाला सगळं आठवत होतं. घाट लागला. उतारावर ट्रकने वेग घेतला आणि डावं बोट तसंच पडून राहिलं. बाबांनी उजव्या हाताने ते बोट धरून दाबायचा प्रयत्न केला, तोवर ट्रक उलटून दरीत गेला होता.

दुकानात कोणी हसलं नाही. हसलं असतं तर बरं झालं असतं, मला कोणावर तरी तुटून पडता आलं असतं.

"बाबा, टेन्शन नोका घेऊ," राजदीप घाईघाईने म्हणाला. "प्रोमंदी ब्रेक एकदम नरम येनार हाय. नुसतं बोट टेकवलं का लागते. कालच लीक झालं."

माझा हात उठलाच होता. पण बाबांनी मान वर करून त्याच्याकडे पाहिलं, आणि त्या पाहण्यात राग नव्हता.

"मशीनीले काय झालं होतं, बापू?" ते म्हणाले. "मशीन चांगलीच होती. हात गेला माहा."