घाईबाई आणि मी, काचेची नळी

मित्रांनो, क्षणभर डोळे मिटा. उकळत्या पाण्यावरचे झाकण उचलले आहे अशी कल्पना करा. त्याच्या आतल्या बाजूला थेंब जमलेले असतात ना? असे थेंब जमवण्याचेच काम मी जन्मभर करत आले.

मी एक जुनी काचेची नळी आहे. शाळेच्या प्रयोगशाळेत मला कंडेन्सर म्हणतात. ज्या कारागिराने मला घडवले, त्याचे कौतुक किती करू! ज्योतीवर मऊ केलेल्या काचेत फुंकर घालून त्याने नळीच्या पोटात दुसरी नळी अलगद बसवली. आतून वाफ जाते, तिच्याभोवती थंड पाणी खेळते आणि वाफेचे पुन्हा पाणी होते. शाई कालवलेले पाणी उकळा. शाई मागे चंबूत राहते आणि माझ्या टोकाशी लख्ख थेंब उतरतो. मुले "अरे वा!" म्हणतात आणि दरवेळी माझा ऊर भरून येतो.

पण परवा जिवावर बेतले होते. वर्गात एक मुलगी भारी उतावळी. सगळे तिला घाईबाईच म्हणत. तिने चंबूखाली स्पिरिटचा दिवा पेटवला, पण पाण्याचा नळ सोडायलाच विसरली. वाफ माझ्यात शिरली. मी कोरडी ठणठणीत, आणि कढत!

"अगं, बघतेस काय? नळ सोड ना!" मैत्रीण ओरडली.

घाईबाईचा हात नळाकडे झेपावला. तापल्या काचेला एकदम गार पाणी लागले की ती तडकते, आणि शाळेत माझ्यासारखी दुसरी नव्हती.

तेवढ्यात माझी धग तिच्या मनगटाला लागली. हात थांबला. तिने आधी दिवा विझवला आणि हाताची घडी घालून उभी राहिली.

"घाईबाई चक्क थांबली! बरं नाही वाटतं आज?" मागून कुणीतरी म्हणाले.

"हसा लेको!" म्हणत ती विज्ञानाच्या बाईंकडे वळली. "बाई, ही निवेपर्यंत मी हलणार नाही."

"आणि सुट्टीची घंटा झाली तर?" बाईंनी विचारले.

"होऊ दे."

घंटा झाली, वर्ग पांगला. ती तिथेच. बाईही खुर्ची ओढून बसल्या. मित्रांनो, किती हातांतून मी गेले, पण माझ्यासाठी सुट्टी कुणी सोडली नव्हती. तापलेल्याला आधी निवू द्यावे, एवढेच माझे मागणे.

बऱ्याच वेळाने तिने बोटाच्या पाठीने मला हलकेच चाचपले. नळाकडून आलेली रबरी नळी माझ्या खालच्या तोंडाला घट्ट बसली आहे ना, ते पाहिले. मग नळ सोडला. थोडासा, अगदी थोडासा.