बेनेडिक्ट अंकलचा पेट्रोलचा काटा

बेनेडिक्ट अंकल माझ्या दुकानात आले ते भांडायच्या तयारीनेच. "जयवंता, तुझा काटा चोर हाय," म्हणाले. काटा माझा नव्हता, त्यांच्या जुन्या पिकअपचा होता. पण भांडुपात गाड्यांची वायरिंग करणारा मी एकटाच, त्यामुळे गावातल्या प्रत्येक गाडीचा दिवा, भोंगा आणि काटा माझ्याच बापाचा असल्यासारखे लोक माझ्याशी बोलत.

"गाडी घरापुढं उभी हाय. चाक हललं नाय. आणि काटा रोज खाली! चार दिवसांमागं पाऊण होता, आज अर्ध्यावर."

चौऱ्याहत्तर साल होतं. पेट्रोल इतकं महागलं होतं की लोक ते थेंबाथेंबाने जपत. मी हत्यारं उचलून त्यांच्या दारात गेलो. मला माझ्या कामाची घमेंड होती, हे आधीच कबूल करतो. असला काटा म्हणजे अर्ध्या तासाचं काम.

टाकीवरची वायर काढली. काटा शून्यावर पडला. तीच वायर गाडीच्या पत्र्याला टेकवली. काटा हळूहळू चढत पूर्ण भरल्याच्या खुणेला गेला. म्हणजे काटा ठीक, वायर ठीक. मग ज्याच्या वरखाली होण्यावर काटा चालतो तो टाकीतला तरंगता डबा बाहेर काढला, कानाशी धरून हलवला. आत पेट्रोल शिरलं असतं तर खळखळलं असतं. कोरडा ठणठणीत. शेवटी वेताची छडी टाकीत बुडवली, तर तीही अर्ध्यापर्यंतच ओली झाली. काटा सांगत होता तेवढंच पेट्रोल आत होतं.

टाकीखालची माती कोरडी होती. झाकणाला कुलूप होतं आणि त्याची चावी अंकलच्या गळ्यात, क्रूसाच्या दोऱ्यातच ओवलेली.

"आंटी, गाडी कोण नेतं?" मी विचारलं.

इव्हा आंटी ओट्यावर बसून सुके बोंबील निवडत होत्या. त्यांनी वर पाहिलं नाही. "कोण नेनार? काट्यातच काय तरी असंल. नीट बघ ना बाबा."

मला राग आला. माझ्या कामावर कोणी शंका घेतली की माझं डोकं फिरतं. मी मैलांच्या मीटरचा आकडा खडूने माझ्या दुकानाच्या भिंतीवर लिहून ठेवला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी जाऊन पाहिलं, तर मीटर दहा मैल पुढे गेलेलं.

तिसऱ्या दिवशी दुपारी मी त्यांच्या कुंपणापाशी जाऊन उभा राहिलो. आंटी जेवून आडव्या झाल्या होत्या. तीनच्या सुमाराला अंकल बाहेर आले. अंगात धुतलेला सदरा, खांद्यावर चार रिकाम्या टोपल्या. टोपल्या त्यांनी मागे टाकल्या, चाकाखालची वीट काढली आणि मला पाहून हसले.

"शेतावर चाललोय. येतोस?"

मी शेजारी जाऊन बसलो.

अंकलचं शेत मला माहीत होतं. म्हणजे कुठे होतं ते माहीत होतं. अंधेरीला, मरोळच्या पलीकडे. दहा वर्षांपूर्वी ती सगळी जमीन कारखान्यांसाठी घेतली, तेव्हा ही दोघं आंटीच्या माहेरच्या घरी भांडुपला राहायला आली. येताना ही पिकअप तेवढी बरोबर आली. याच गाडीतून अंकल पंचवीस वर्षं वांगी, भेंडी आणि मुळा बाजारात न्यायचे.

गाडी ते झकास चालवत होते. पवईच्या तळ्याच्या वळणांवर तर मला वाटलं, या माणसाला काहीही झालेलं नाही. यंदा भेंडीला कीड कमी आहे, असं सांगत होते. पुढच्या नाक्यावर मात्र ते भर रस्त्यात थांबले. मागून लॉरीवाला भोंगा वाजवून शिव्या घालत होता. अंकलचे हात स्टिअरिंगवर तसेच राहिले आणि डोळे इकडून तिकडे काहीतरी शोधत होते. "अंकल, सरळ," मी म्हटलं, तेव्हा गाडी हलली.

शेताच्या जागी लांबलचक भिंत होती, लोखंडी फाटक होतं, आत पत्र्याच्या शेड होत्या. वॉचमनने ओळखीचा हात केला. "आ गये, बाबा?" रोजचीच भेट असल्यासारखा. अंकल इंजिन चालू ठेवून त्या फाटकाकडे पाहत बसले. दहा मिनिटं. मग त्यांनी गाडी मागे घेतली, वळवली आणि घरी आणली. जागेवर गाडी लावली, चाकाखाली वीट सरकवली, टोपल्या आत ठेवून आले.

पाण्याचा तांब्या घेऊन परत बाहेर आले तेव्हा त्यांचं लक्ष काट्याकडे गेलं.

"बघ! परत उतरला. सकाळपासून चाक हललं नाय, तुझ्यादेखत!"

त्यांच्या तोंडाकडे पाहवेना. मी वायरी तपासल्यासारखं करत राहिलो. इतक्या वर्षांत माझ्या हाताला न सापडलेला बिघाड नव्हता, आणि हा सापडला तर त्याला लावायला माझ्याकडे हत्यार नव्हतं.

आंटी मला कुंपणापर्यंत सोडायला आल्या. त्यांना सगळं ठाऊक होतं. "काटा खराब निघावा म्हनून मी रोज देवाला सांगत होते रे," म्हणाल्या आणि पदराने तोंड दाबून रडल्या. मग डोळे पुसून म्हणाल्या, "गाडीची चावी लपवली तर घर डोक्यावर घेतो. मना चोर म्हनतो. येक दिवस कोनाच्या तरी गाडीखाली जाईल. पन टाकी रिकामी असली तर गाडी काढत नाय, तेवढं पक्कं हाय. तू त्या काट्याचं काय तरी कर."

मी टाकीवरची वायर काढून ठेवली. काटा शून्यावर गेला तो तिथेच राहिला. टाकीत अजून दहा-बारा लिटर पेट्रोल होतं. अंकलना म्हणालो, "काटा बिघडलाय, तुमचंच खरं. टाकीही रिकामी आहे. पार्ट मागवलाय, तो येईपर्यंत गाडी काढू नका." खरं सांगणाऱ्या काट्याला त्यांनी चोर म्हटलं होतं. हे खोटं मात्र त्यांनी लगेच मानलं. "मी सांगत नव्हतो?" म्हणून माझ्या पाठीवर थाप मारली. आयुष्यात इतकं वाईट काम मी केलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तीन वाजता ते चालत माझ्या दुकानात आले. खांद्यावर टोपल्या. सदरा घामाने भिजलेला.

"जयवंता, सायकल काढ. भेंडी तोडून पडली हाय. उन्हात सुकेल रे, वाट लागंल माझी."

नाही म्हटलं असतं तर ते पायी निघाले असते. मी त्यांना कॅरियरवर बसवलं, टोपल्या हँडलला बांधल्या. पवईचा चढ मी धापा टाकत चढवला. वाटेत कुठेतरी त्यांचा विचार बदलेल, अशी आशा होती. ते माझ्या कमरेला धरून बसले होते आणि बाजारात उशीर झाला तर काय भाव पडेल याची काळजी करत होते.

फाटकापाशी मी थांबलो. वॉचमन म्हणाला, "आज गाड़ी नहीं लाये, बाबा?"

अंकल खाली उतरले. भिंतीकडे पाहिलं, शेडकडे पाहिलं. मग माझ्याकडे वळले. रागावतील असं वाटलं होतं, पण त्यांना माझीच दया आलेली दिसत होती.

"रस्ता चुकलास रे," ते हळूच म्हणाले. "तुझी चूक नाय. तुला कुठं ठावं हाय हिकडचं. माझी गाडी असती तर मी बरोबर नेला असता तुला."

"हो अंकल," मी म्हटलं. "चुकलो."

"पार्ट कधी येतोय?"

"येईल."

ते परत कॅरियरवर बसले. "चल, उजेड हाय तंवर. कुठं वळायचं ते मी सांगतो."

आणि ते सांगत राहिले. चिंचेपासून डावीकडे, विहिरीवरून खाली, क्रूसाच्या अंगाने उजवीकडे. एकदा माझी पाठ थोपटून म्हणाले, "आता आलंच." त्यांनी सांगितलेलं एकही वळण मी घेतलं नाही. सरळ घरी आणलं.