पडद्यावरची गल्ली

मेलानिया दोनदा नापास झाली होती, आणि पन्नाशी उलटलेल्या बाईला नापास होण्यात काही गंमत वाटत नाही. थिएटरच्या नव्या नाटकाला सुगीतल्या लग्नाच्या प्रवेशासाठी रंगवलेला पडदा हवा होता. गावातली गल्ली, पांढरी घरं, सूर्यफुलं आणि पावांनी गच्च भरलेलं टेबल. तिची दोन्ही चित्रं कमिटीनं परत पाठवली. पहिल्यात घरं तिरकी होती म्हणे, दुसऱ्यात माणसांना नाकंच नव्हती. नवे संचालक कॉम्रेड हुर्झी स्वभावानं वाईट नव्हते, नुसते घाबरलेले होते. तिसऱ्यांदाही जमलं नाही तर दुसरा चित्रकार बघावा लागेल, असं त्यांनी खिडकीबाहेर बघत सांगितलं. नोकरी गेली की रेशनकार्ड जाणार आणि कार्डामागोमाग थिएटरनं दिलेली खोलीही. खोलीत तिची थोरली बहीण यिव्हा राहत होती, आणि यिव्हाजवळ खार्किव शहरात राहण्याचा सरकारी कागद नव्हता.

एके काळी याच मेलानियाच्या नावावर तिकिटं खपायची. तिनं रंगमंचावर छतापासून शिड्या टांगल्या होत्या, राजाला अर्धा लाल अर्धा काळा केला होता, नटांना पत्र्याचे कपडे घालून चाकांवरून पळवलं होतं. लोक अर्ध्या खेळातून उठून जायचे आणि दुसऱ्या दिवशी भांडायला परत यायचे. ज्या दिग्दर्शकाबरोबर तिनं हे उद्योग केले त्याला गेल्या हिवाळ्यात पोलिसांनी घरातून नेलं. आता त्याचं नाव कोणी काढत नसे. शिड्या, चाकं सगळं बॉयलरमध्ये गेलं. खानावळीत सुतार झाखार तिला चिडवायचा, "बाई, तुमच्या चित्रातल्या घरात राहायचं म्हणजे माणसानंही त्रिकोणी व्हायला हवं." ती हसायची. हसणं भांडण्यापेक्षा कमी कष्टाचं होतं.

यिव्हा गेल्या वर्षी, गावोगाव माणसं भुकेनं मरत असताना, गावाहून चालत आली होती. आली तेव्हा तिचे पाय खांबासारखे सुजले होते. आई गेली, एवढंच तिनं दारात उभं राहून सांगितलं आणि त्यावर पुन्हा अवाक्षर काढलं नाही. पाव खाताना ती हनुवटीखाली तळहात धरायची आणि पडलेला चुरा चाटून घ्यायची. मेलानिया तिच्याकडे न बघता खायला शिकली होती. आई कशी गेली ते विचारायचं म्हणून रोज ठरवायची आणि रोज टाळायची.

पडद्याचं कापड रंगशाळेच्या जमिनीवर अंथरलेलं होतं. लोकरीचे मऊ जोडे घालून त्याच्यावर चालत, लांब दांड्याच्या कुंच्यानं रंगवायचं, ही तिथली रीत. दुसरी गल्ली ठाऊक नसल्यानं मेलानियानं आपल्याच गावची घेतली. आभाळ झालं, सूर्यफुलं झाली, खिडक्यांभोवती निळे काठ झाले. पण भिंती काही केल्या भिंती होईनात. पांढरा रंग दिला की घर कागदाचं वाटे. सगळी हयात वस्तू मोडून मांडण्यात गेली होती, आता साधं घर उभं करताना तिच्या नाकीनऊ आले. शेवटी एका दुपारी ती यिव्हाला मागच्या दारानं आत घेऊन आली. निदान बघून सांग, कुठं चुकतंय ते, म्हणाली.

यिव्हानं जोडे चढवले आणि कापडावरच्या आपल्या घरापाशी जाऊन उभी राहिली.

"चुना दिलेला नाही," ती म्हणाली.

"रंग आहे तो, ताई. पांढरा."

"ईस्टर होऊन गेला, आणि घराला चुना नाही. लोक काय म्हणतील, या घरात बाई नाही का?"

अंगणात गवंडी थिएटरची मागची भिंत चुन्यानं उजळत होते. यिव्हा गेली आणि त्यांची अर्धी बादली आणि गवताचा कुंचा घेऊन आली. मग गुडघ्यांवर बसून, लुगड्यासारखा झगा खोचून, तिनं कापडावरच्या घराला चुन्याचा हात द्यायला सुरुवात केली. आडवा हात, मग उभा. आई द्यायची तसा.

चुना निळ्याला खातो, हे रंगाऱ्याला पहिल्या वर्षी शिकवतात. खिडकीचे काठ सकाळपर्यंत गंजल्यासारखे होणार, आणि त्यावर नवा निळा दिला तर तोही जळणार, हे मेलानियाला स्पष्ट दिसत होतं. ताई, थांब, एवढंच म्हणायचं होतं. तिनं तोंड उघडलं, तेवढ्यात यिव्हा बोलू लागली.

"त्या वर्षीही आईनं चुना कालवला होता. खायला काही नव्हतं, पण चुना होता. कालवून म्हणाली, जरा पडते, मग देऊ. मी तिला हलवायला गेले तर गार झाली होती." कुंचा खिडकीच्या काठाला लागला, पुढे सरकला. "माझ्यानं खड्डा खणवेना. प्रेतं उचलायला गाडीवाला यायचा, त्यानं नेलं. बादलीतला चुना तसाच वाळून गेला, मेलाश्का. घर तसंच राहिलं."

मेलानियानं तोंड मिटलं. खोली जाते तर जाऊ दे, असं काही ती शूरपणे म्हणाली नाही. तिला भीती वाटत होती, आणि तरी तिनं बहिणीला थांबवलं नाही. भिंत पुरी होईपर्यंत ती बादली धरून शेजारी बसली आणि मनसोक्त रडली.

सकाळी काठ गंजाच्या रंगाचे झाले होते. हुर्झी आणि कमिटीचे दोघं आले. चूक माझी आहे, हे वाक्य मेलानियानं घोकून ठेवलं होतं. हुर्झी जोडे घालून कापडावर गेले, त्या घरापाशी उकिडवे बसले आणि बराच वेळ उठले नाहीत.

"आमच्या गावाकडं काठ असेच तपकिरी असायचे," ते म्हणाले. मग भानावर येऊन आवाज चढवला. "याला म्हणतात घर! नाहीतर तुमची आधीची. हे बघितलं की वाटतं, आत माणसं सुखानं नांदतायत."

दोघांनी माना डोलावल्या. बाकीची गल्लीही अशीच करा, या टोकापासून त्या टोकापर्यंत, असं सांगून ते गेले. मेलानियाला हायसं वाटलं, आणि हायसं वाटल्याची किळसही आली. मग दोन्हींतलं काही उरलं नाही, फक्त थकवा उरला.

घरी यिव्हा बटाटे सोलत होती. पास झालं, मेलानियानं सांगितलं. खोली राहिली. यिव्हानं मान हलवली.

"बाकीच्या घरांनाही तसाच चुना हवाय म्हणे. सगळ्या गल्लीला."

सुरी थांबली. "सगळ्या?"

"हो."

"म्हणजे ओरिशकाचं घर. मग हाप्का विधवेचं. लोहारांचं." यिव्हानं सुरी खाली ठेवली. "त्यांच्यातही कोणी बाई उरलेली नाही."

"ठाऊक आहे, ताई."

यिव्हानं बटाटा पाण्यात टाकला, हात धुतले आणि डोक्याला रुमाल बांधला.

"मग चल. अर्ध्या बादलीनं काही भागायचं नाही."